आठशेच्या उलीसं अलीकडं

अहो, ऐकलंत का? या की इकडं, भिंतीला टेका जरा. दूध ठेवलंय? असू द्या, मला इथून तुमची शेगडी दिसतेय, उतू आलं की सांगते. तर कोपऱ्यावरच्या काकूंच्या घरी परवा काय झालं ते तुमच्या कानावर आलंच नाही म्हणता? कमाल आहे बाई. अख्ख्या बोळात दुसरा विषय नाही.

माळवद उतरवून स्लॅब टाकायलेत ना त्या, म्हणून घर रिकामं करणं चाललं होतं. पितळी घागरी खाली आल्या, पाळणा आला, पत्र्याच्या ट्रंका आल्या, आणि सगळ्यात शेवटी कोनाड्यातून आला आजींचा रेडिओ. मर्फीचा. त्यावर क्रोशाचं झाकण, झाकणाला मणी. सूनबाईनं तो उचलला आणि सरळ भंगारवाल्याच्या गाड्यावर ठेवला. नुसता ठेवला हो, अजून काट्यावर चढवला नव्हता! पण आजी ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या आणि त्यांनी ते बघितलं.

एरवी आजींना उठवायला दोन माणसं लागतात. परवा एकट्या उठल्या. पदरातल्या शेंगा सगळ्या अंगणात. गाड्याजवळ जाऊन म्हणाल्या, "ए पोरी, माझं माहेर किलोवर विकायलीस होय?"

सूनबाईचा चेहरा असा उतरला म्हणून सांगू... भंगारवाला तर हातात तराजू धरून तसाच. तोही आपल्याच गावचा, त्याला काय बोलावं ते सुचेना. काकू आतून ओरडल्या, "अहो आई, तो वाजत नाही बारा वर्षं झाली!" तर आजी म्हणतात, "मी तरी कुठं वाजते? मलाबी घाल गाड्यावर." झालं. त्यापुढं कोण बोलणार?

आता तुम्ही म्हणाल, रेडिओ हे माहेर कसं? तेच सांगते. तुम्ही आत्ता आलात आपल्या गावात, तुम्हाला जुनं ठाऊक नाही. आजींचं माहेर सोलापूर. लग्न 56 सालच्या उन्हाळ्यातलं. तेव्हा सोलापूर मुंबई राज्यात आणि आपलं मुरुम हैदराबाद राज्यात. निजामाची राजवट गेली होती, पण राज्याचं नाव तेच होतं. आजींच्या वडिलांना लोक म्हणाले, मुलगी मोगलाईत देताय? आणि लग्न होऊन सहा महिने होतायत तोवर 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली आणि सगळा मराठवाडा मुंबई राज्यात. आजी अजून ठसक्यात सांगतात, "मी सासरी आले न् माझं राज्य माझ्या मागं चालत आलं."

तर काय सांगत होते... हां, रेडिओ. लग्नाआधीचं अख्खं वर्ष त्यांनी सोलापुरात काकांच्या वाड्यात गीतरामायण ऐकलेलं. 1 एप्रिल 1955 ची रामनवमी, त्या दिवसापासून पुणे केंद्रानं दर आठवड्याला एक गाणं लावलं, पुढल्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल. कल्पना सीताकांत लाडांची. पुणे केंद्र तेव्हा पुरतं दोन वर्षांचंही नव्हतं बघा, 53 सालच्या गांधीजयंतीला सुरू झालेलं. मुळात 52 गाणी व्हायची, पण अधिक महिना आला आणि 56 झाली. आणि ते पहिल्या गाण्याचं ऐकलंय ना तुम्ही? गदिमांनी लिहून दिलेला कागद फडक्यांकडून हरवला म्हणे. ऐन रेकॉर्डिंगच्या वेळी! गदिमा चिडले, लाडांनी त्यांना खोलीत घालून बाहेरून कडी लावली आणि पुन्हा लिहून घेतलं. आजी हे असं सांगतात की जणू कडी यांनीच लावली होती. रेडिओला हार घालायचे, पुढं उदबत्ती लावायचे. वाड्यातल्या बायका आंघोळी उरकून, डोक्यावरून पदर घेऊन बसायच्या. कुणाचं पोर रडलं की त्या पोराच्या आईकडं सगळ्या अशा बघायच्या की ती बिचारी उठून जायची.

आणि मग आजी इथं आल्या. इथं काय? कंदील. वाड्यात पाटलांकडं एक मोठा बॅटरीचा रेडिओ, तो पुरुषांचा. त्यावर हैदराबाद लागायचं. रामायण संपलं, रेडिओ संपला, माहेर संपलं.

पुढं आजोबांना साखरेच्या पोत्यांच्या की कसल्या अडतीत दोन पैसे मिळाले तेव्हा त्यांनी हा मर्फी आणला. आता त्या वेळी रेडिओ आणणं म्हणजे घरात चुलता आणण्यासारखं होतं. त्याला लायसन लागायचं! हसू नका, खरंच. पोस्टात जाऊन वर्षाला 15 रुपये भरायचे, पुस्तकात शिक्का मारून घ्यायचा. नाही भरले तर दंड. 80 नंतर कधीतरी सुटलं ते झेंगट. आजींनी ते पुस्तकसुद्धा ठेवलंय, रेशनकार्डाच्या पिशवीत.

आणि तेव्हापासून आपल्या बोळात सुरू झाली काट्याची भानगड.

अहो, मिडियम वेव्हवर काटा असतो ना, तो म्हणजे आपलं मुरुमच बघा. डावीकडून चालत या. 738 वर हैदराबाद. तिथून 27 पुढं 765 वर धारवाड. तिथून अजून बरोबर 27 पुढं 792 वर पुणे. उर्दू-तेलुगू, कानडी, मराठी, तिघं भिंतीला भिंत लावून! काटा नखभर सरकला की भाषा बदलली. गुरुजी एकदा म्हणाले होते, सरकारनं हे काही मुरुमसाठी केलेलं नाही. मी म्हटलं, नसेल केलं, पण आपल्याइतकं बरोबर कुणाला लागू पडलंय सांगा?

त्यातून बोळात तीन घरं तीन काट्यांची. टेलरिंगवाले चाचा हैदराबादचे. रात्री शिवणाच्या मशीनवर नैरंग लागायचा, तो उर्दूचा कार्यक्रम; कव्वाली, मुशायरा, मधेच मशीनची घरघर. समोरच्या अक्का आळंदच्या पलीकडल्या, त्यांचा काटा धारवाडवर. 66 साली गुलबर्ग्याला स्वतःचं केंद्र झालं, 1107 वर, तेव्हा अक्कांनी काटा उचलून तिकडं नेला तो कायमचा. त्या दिवशी त्यांनी बोळभर हुग्गी वाटली होती म्हणे. आता केंद्र सुरू झालं म्हणून हुग्गी वाटली की नातू झाला म्हणून, यावर आजींचं आणि त्यांचं अजून एकमत नाही.

आणि आजींचा काटा पुण्यावर. काच फुटलेली, आकडे पुसलेले, म्हणून त्या घरात सगळ्यांना सांगून ठेवलेलं, "आठशेच्या उलीसं अलीकडं." लेकरांना पाढे यायच्या आधी हे पाठ.

पण एक गंमत सांगते, कुणाला बोलू नका. चाचांच्या वडिलांनी निजामाचं बोलणं या बोळात ऐकलेलं. 17 सप्टेंबर 1948. निजामाचं स्वतःचं रेडिओ केंद्र होतं हो, डेक्कन रेडिओ, 1935 पासून सरकारी. औरंगाबादेतही एक काढलं होतं. पोलीस ॲक्शन झाली, पाचव्या दिवशी शरणागती, आणि त्या संध्याकाळी निजाम स्वतः रेडिओवर आला. चाचा सांगतात, अब्बांनी आवाज ऐकला आणि शेजाऱ्याला विचारलं, ये कौन बोलरा? कारण राजाचा आवाज कसा असतो ते कुणी ऐकलंच नव्हतं! इतकी वर्षं नाण्यावर नाव, आणि आवाज पहिल्यांदा ऐकला तो राज्य गेल्यावर. हे सांगताना चाचा हसतात, पण पूर्ण नाही हसत. आपण तरी कशाला खोदून विचारावं?

तर काय सांगत होते... पुण्याचं. हां. एक मात्र खरं की आपल्या नशिबी रेडिओतलं सगळं चांगलं नेहमी वेशीपलीकडं झालं. बघा ना, 56 साली पुणे केंद्रानं शेतकऱ्यांसाठी केवढा मोठा प्रयोग केला, युनेस्कोचं पाठबळ होतं त्याला. पाच जिल्ह्यांतली 150 गावं घेतली. गावातल्या माणसांनी आठवड्यातून दोनदा एकत्र बसून रेडिओ ऐकायचा, मग चर्चा करायची, आणि पुण्याला कळवायचं की तुमचं हे पटलं, ते पटलं नाही. दहा आठवडे, वीस कार्यक्रम. विहिरीवर, खतावर, उंदरांवर बोलले म्हणे लोक. एवढं गाजलं की पुढं देशभर तसली मंडळं निघाली. आणि त्या 150 गावांत आपलं एक तरी? नाही! आपण तेव्हा हैदराबादेत. आजोबा म्हणायचे, उंदीर तेवढे दोन्ही राज्यांत सारखे होते.

आपल्याला उजेड दिसला तो 68 साली, परभणी लागली तेव्हा. 1305. मराठवाड्याच्या मातीतलं केंद्र. परभणीचं कृषी विद्यापीठसुद्धा नंतरचं हो, 72 चं. रेडिओ आधी, विद्यापीठ मागून. तुरीवर काय फवारायचं, ज्वारीवर काय पडलंय, ते आपल्या बोलीत कुणीतरी सांगायला लागलं. पुण्याचे लोक शेतीवर बोलायचे तेव्हा आजोबा म्हणायचे, बरोबर आहे, पण यांच्या शेतात पाणी आहे. परभणीचा माणूस बोलला की म्हणायचे, हा आपल्यातला, याचं पण वाळलंय.

आणि सोलापूर? आजींचं सोलापूर सगळ्यात शेवटी आलं. काटा पार उजवीकडं नेऊन भिंतीला टेकवला की 1602, मिडियम वेव्हची शेवटची पायरी. त्यापुढं घर नाही. आणि ताकद किती, तर 1 किलोवॅट. पुण्याचं 100, गुलबर्गा-परभणीचं 20-20, आणि आजींच्या माहेराचं 1. दिवसा कधी लागायचं, कधी नाही. आजी रेडिओ मांडीवर घेऊन गोल फिरवायच्या, मांजराला फिरवावं तसा. गुरुजींनी सांगितलं, आत एक काळी कांडी असते, तिला तार गुंडाळलेली, ती स्टेशनाकडं आडवी झाली की आवाज येतो आणि टोक केलं की जातो. आजींना कांडीबिंडी माहीत नव्हती. त्यांना एवढं ठाऊक की रेडिओचं पोट नळदुर्गाकडं केलं की सोलापूर बोलतं. एकदा काकूंनी झाडताना रेडिओ सरकवला तर दोन दिवस सासू-सुनेत अबोला.

रात्रीची वेगळीच तऱ्हा. दिवसभर जे शेजारपाजारचं ऐकायचं ते रात्री गर्दीत हरवून जायचं आणि कुठलं कुठलं लांबचं यायचं. गुरुजी म्हणतात, आकाशात थर असतात. खालचा थर उन्हामुळं तयार होतो आणि मिडियम वेव्हच्या लहरी पिऊन टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो, मग लहरी वरच्या थरापर्यंत जातात आणि तिथून परत खाली फेकल्या जातात. अंधार पडला की रेडिओला दूरचं ऐकू यायला लागतं, असं सोपं करून सांगितलं त्यांनी. काकू लगेच म्हणाल्या, आमच्या सासूबाईंसारखंच.

आणि कार्यक्रम काय एकेक! सकाळी संस्कृत बातम्या लागल्या की सात वाजायला आले, भाकरीचा तवा तापला पाहिजे. मग सात-पाचच्या पुण्याच्या प्रादेशिक बातम्या. सुधा नरवणेंचा आवाज आला की शाळेची लेकरं दप्तर भरायची. घड्याळ कुणाकडं होतं? मुंबई लागली तर पुन्हा प्रपंच. ते पंत म्हणजे बाळ कुडतरकर, टेकाडे भाऊजी म्हणजे प्रभाकर जोशी आणि मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू. त्याच पुढं करुणा देव, हो हो, यशवंत देवांच्या. आजी मीनावहिनीवर कायम नाराज. "भाऊजीला इतकं बोलू द्यायचं नसतं," असं रेडिओला सांगायच्या. आणि क्रिकेटच्या दिवसांत बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन. आजोबांना बॅट कुठली आणि स्टंप कुठला हे कधी बघायला मिळालं नव्हतं, पण कोण कुठं उभाय ते सगळं माहीत.

हां, आणि ते केसकरांचं! हे मात्र ऐकाच. 52 साली दिल्लीत नभोवाणी खात्याला मंत्री कोण, तर आपले मराठी, बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. शास्त्रीय संगीताचे मोठे जाणकार. त्यांनी काय करावं? सिनेमाची गाणी रेडिओवरून जवळजवळ बंदच करून टाकली! लोकांचे कान सुधारायचे होते. लोक सुधारले का? लोक सरळ रेडिओ सिलोनला गेले. बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमाला, अमीन सायानी, आणि सगळा देश शॉर्ट वेव्हवर. शेवटी पाच वर्षांनी सरकारच शहाणं झालं आणि 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती काढली, त्याच गाण्यांसाठी. त्याच तारखेला 2014 साली पंतप्रधानांची मन की बात सुरू झाली, तेव्हा आमच्या ह्यांनी लगेच ओळखलं, म्हणाले आज विविध भारतीचा वाढदिवस. मी म्हटलं, माझा कधी असतो ते सांगा आधी. चेहरा बघायला हवा होता तुम्ही.

आणि पेटीला तर बंदी 40 सालापासूनच होती. इंग्रज साहेबाला वाटलं पेटीचे सूर आपल्या गाण्याला चालत नाहीत, म्हणून बंद. ती उठली 71 साली. एकतीस वर्षं! आपल्याकडं भजनात पेटी, कीर्तनात पेटी, तमाशात पेटी, आणि रेडिओवर तिला सोवळं. आमच्या मारुतीच्या देवळातले पेटीवाले बुवा म्हणायचे, देवाला चालते, दिल्लीला चालत नाही.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, तर रेडिओ शेतात जायचा. बैलगाडीत भज्जीचं पातेलं, आंबिलाचं मडकं, उंडे, आणि आजींच्या मांडीवर मर्फी. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होईपर्यंत बंद, मग चालू. शेजारच्या शेतात अक्कांची कोप, तिथून गुलबर्गा. मधल्या बांधावर दोन्ही ऐकू यायचं. लेकरं बांधावर बसूनच जेवायची.

एक गोष्ट मात्र या रेडिओची आहे ती कुणी गप्पांत काढत नाही. मीही नसती काढली. 93 सालचं 30 सप्टेंबर. गणपती बुडवून लोक नुकते झोपलेले. पहाटेचे तीन वाजून छप्पन्न. आपलं माळवद हललं, माती अंगावर, सगळे बोळात. काय झालं ते कळेना. लाईट गेलेली. आजोबांनी आत जाऊन रेडिओ आणला. आजी ओरडत होत्या, आत जाऊ नका म्हणून. रस्त्यात कांबळ्यावर तो ठेवला आणि सगळा बोळ त्याभोवती. चाचा, अक्का, सगळे. कुणाचा काटा कुठं हे कुणी विचारलं नाही. जे स्टेशन लागेल ते. मग दिवस उजाडता उजाडता नाव ऐकू आलं, किल्लारी. आणि सास्तूरचं ऐकलं तेव्हा अक्का खालीच बसल्या. सास्तूर तेव्हा आपल्याच उमरगा तालुक्यात. त्यांची नणंद तिथं दिलेली होती.

जाऊ दे. दूध बघा तुमचं, वर येतंय.

हां, तर भंगारवाला. आजींनी रेडिओ परत आत आणला, काकू गप्प, सूनबाई गप्प. संध्याकाळी सूनबाईलाच वाईट वाटलं, पोरगी मनानं चांगली आहे हो. ती गेली आणि बाजारातल्या रेडिओवाल्या मामांना घेऊन आली. मामांनी आता मोबाईलचं दुकान टाकलंय, पण सोल्डरिंगचं सामान अजून ठेवलंय. त्यांनी मागची पाठ उघडली. आत झुरळं, आणि गळलेले चार मोठे सेल. सेलाचा पांढरा चिकटा खरवडला, दोन तारा जोडल्या, कुणाच्या तरी टॉर्चमधले सेल घातले. बटण फिरवलं आणि... खर्रर्र.

सगळा बोळ जमलेला. चाचा आले, अक्का काठी टेकत आल्या, गुरुजी आले. काटा डावीकडून उजवीकडं नेला, परत आणला. खरखर. नळदुर्गाकडं तोंड केलं, आळंदकडं केलं. खरखर. नातू म्हणाला, "आजी, बंद करत आणलीत ती स्टेशनं सरकारनं. सोलापूर तर एफएमवर आलंय, आपलं धाराशिव पहिल्यापासून एफएम." आणि ते खरंय, देशभरात मिडियम वेव्हची छोटी यंत्रं एकेक करून बंद करायलेत. एफएमचा आवाज काचेसारखा, पण ते टेकाडापलीकडं जात नाही. पुण्याच्या बातम्यांचंही मधे ऐकलंत ना तुम्ही, 23 सालच्या जूनमध्ये? तो प्रादेशिक बातम्यांचा विभाग पुण्यातून हलवून छत्रपती संभाजीनगरला न्यायचा हुकूम निघाला. पुणेकरांचे चेहरे काय पडले! ओरडा झाला, आणि हुकूम थांबवला. आमच्या बोळात मात्र दोन तट. एक म्हणे, मराठवाड्याला मिळत होतं ते पुन्हा पुण्यानं ठेवून घेतलं. दुसरा म्हणे, सत्तर वर्षांचं घर कशाला मोडायचं? आजी दुसऱ्या तटात, हे सांगायला नको.

नातवानं मग मोबाईल काढला. न्यूज ऑन एअरचं ॲप आहे, त्यात सगळी केंद्रं. सोलापूर लावून आजींच्या हातात दिलं. एकदम स्पष्ट! आजींनी दोन मिनिटं ऐकलं, मोबाईल उलटा केला, सुलटा केला, आळंदकडं धरला, नळदुर्गाकडं धरला. आवाज तोच. म्हणाल्या, "ह्यात सोलापूर लांबबी नाही न् जवळबी नाही. कुठंय काय की." आणि परत दिला. नातवाचं तोंड एवढंसं झालं.

आणि तेवढ्यात लाईट गेली.

रोजचीच की, आठच्या सुमाराला जाते ती. अख्खा बोळ अंधार. आणि खरखर थांबली! अशी थांबली की कुणीतरी हात ठेवला तिच्यावर. पहिल्यांदा कानडी गाणं आलं, खणखणीत. अक्का म्हणाल्या, "धारवाड री!" आजींनी अंधारात, न बघता, अंगठ्यानं चाक उलीसं पुढं सारलं, आणि एका बाईचा आवाज आला. मराठी. काय सांगत होती ते नीट कळलं नाही मला, पावसाचं काहीतरी होतं. पण मराठी. आजी काही बोलल्या नाहीत. चाचा म्हणाले, "अम्मा, जरा पीछे लो नं, हैदराबाद बी देखेंगे." आजी म्हणाल्या, "थांब की रे, आत्ता तर आलीय मी."

गुरुजी अंधारातच सांगायला लागले. म्हणे हे दिवे, हे एलईडी, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, टीव्हीचे डबे, ह्या सगळ्या वस्तू चालू असताना बारीक बारीक लहरी सोडतात, त्या नेमक्या मिडियम वेव्हवर येऊन बसतात. पूर्वी ट्यूब लावली की किंवा शेतातल्या मोटारीचा स्टार्टर पडला की खटका यायचा, तेवढाच. आता प्रत्येक घरात दहा-दहा. "रेडिओ बिघडला नाही, बोळ बिघडलाय," गुरुजी म्हणाले. काकू म्हणाल्या, म्हणजे बारा वर्षं तो चालूच होता? त्यांचा आवाज ऐकून मला कसंतरीच झालं. सूनबाई तर चक्क डोळे पुसत होती, अंधार होता म्हणून, पण मी जवळच उभी होते ना.

पंचवीस मिनिटं लाईट नव्हती. पहिल्यांदा वीज मंडळाला कुणी शिव्या घातल्या नाहीत. चाचांना पाच मिनिटं हैदराबाद दिलं, अक्कांना गुलबर्गा काही लागलं नाही, त्या म्हणाल्या धारवाडच असू दे. मग लाईट आली, लेकरं "आली!" म्हणून ओरडली, आणि खर्रर्र.

आता कोनाडा तर स्लॅबमध्ये राहत नाही. पण काकूंनी गवंड्याला सांगितलंय, माजघराच्या भिंतीत एक ठेवायचा, पोट नळदुर्गाकडं येईल असा. गवंडी विचारतो, देवाचा का? काकू म्हणाल्या, तसाच समज.

काय म्हणता? हो, आता रोज आठला सगळे ओसरीवर जमतात, लाईट जायची वाट बघत. काल गेलीच नाही मेली. आज जाईल. पण एक अडचण झालीय, म्हणून तर तुम्हाला हाक मारली. ते सेल आमच्या ह्यांच्या टॉर्चमधले होते, ते ह्यांनी काढून नेले, शेतावर जायचंय म्हणे. बाजारात तीन दुकानं पालथी घातली, पेन्सिल सेल मिळतात, हे मोठे जाडे मिळत नाहीत. तुमच्याकडं ती जुनी पितळी बॅटरी आहे ना, खुंटीला लटकवलेली? त्यात चार बसतात, मी मोजलेत. द्या की संध्याकाळपुरते. आणि आठच्या आत द्या हो, अंधारात भिंतीवरून घ्यायला दिसत नाही.